क्षमावणीनंतरचा धूर

ज्या गावाला मी जाऊन आले त्याचं नाव इथे लिहिणार नाही. वाशीमहून रिसोडकडे जाताना ते लागतं, तिथे छोटीशी नगरपालिका आहे, जैन व्यापाऱ्यांची जुनी पेठ आहे आणि त्या पेठेत माझी मावसबहीण कमलअक्का राहते, एवढं वाचणाऱ्याला पुरे. नाव छापलं तर पेठेतली माणसं मला काही म्हणणार नाहीत, ती फार सभ्य आहेत. अक्काला मात्र वर्षभर टोमणे ऐकावे लागतील.

मी हौसेने गेले नव्हते. दाजींचा, म्हणजे अक्काच्या यजमानांचा, निरोप आला होता. अक्काचा दमा बळावला होता. वाशीमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पेठेतला ट्रकचा धूर तिच्या छातीत जात राहिला तर येणारी थंडी ती काढेल असं वाटत नाही. तेव्हा विमलताईंनी, म्हणजे मी, शाळेतून रजा काढून यावं आणि अक्काला कायमचं सोलापूरला घेऊन जावं, असं दाजींनी ठरवलं होतं. निरोप ऐकल्यापासून माझं डोकं फिरलेलं होतं. धूर जागच्या जागी राहणार आणि जिचं घर आहे तिने गाव सोडायचं, हा कुठला न्याय?

वाशीम

पूर्णेहून निघालेली छोटी गाडी वाशीमला पोचली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. भाद्रपदाचा पहिला पंधरवडा चालू होता. रुळांच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि उभी ज्वारी, मध्येच एखादं बोडकं टेकाड. आमच्या सोलापूरकडे या दिवसांत आभाळाकडे बघत बसायची वेळ असते, इथे जमीन पाणी पिऊन फुगली होती. डोळ्यांना बरं वाटलं, आणि हा बरेपणा मोटारस्टँडवर पाऊल ठेवेपर्यंत टिकला.

स्टँडवर चार गाड्या उभ्या होत्या आणि चारही घरघरत होत्या. एकीतही ड्रायव्हर नव्हता. सगळे समोरच्या टपरीवर चहा पीत होते. मी गिरण्यांच्या गावात वाढले आहे, धूर मला नवा नाही. पण गिरणीच्या चिमणीचा धूर वर जातो. मोटारीचा धूर बरोबर माणसाच्या कमरेला निघतो आणि कडेवरच्या मुलाच्या तोंडात शिरतो. एका बाईने मुलाचं तोंड पदराने झाकलं होतं आणि ती मुकाट्याने उभी होती. मी एका ड्रायव्हरला विचारलं, इंजिन बंद का करत नाही? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला चहा थंड करून प्यायला सांगितलं होतं.

गावाच्या फाट्यावर उतरताना माझी फजिती झाली ती सांगायला हवी. रस्त्याच्या कडेच्या काळ्या चिखलात पाय गेला, पाय निघाला आणि चप्पल आत राहिली. हात घालून शोधली तर दुसरी रुतली. बैलगाडीवर बसलेले एक आजोबा शांतपणे बघत होते. म्हणाले, "काळी माती हाय बाई. पाय सोडते, चप्पल नाई सोडत." मग त्यांनीच गाडीत घेतलं. पेठेत माझा प्रवेश असा अनवाणी झाला.

पेठ, पर्वाचे दिवस

गावाच्या वेशीवर जकात नाक्याला पत्र्याची एक पाटी दिसली. पेठेत मालमोटारीचे इंजिन चालू ठेवून उभे राहण्यास मनाई आहे, हुकमावरून, वगैरे. आजोबा म्हणाले, मागच्या वर्षी लागली. पाटीच्या खांबाला एक म्हैस बांधलेली होती आणि पाटीच्या सावलीत पानवाला बसला होता. म्हणजे पाटीचा उपयोग कोणालाच होत नव्हता असं म्हणता येणार नाही.

पेठेत शिरले आणि चकित झाले. गल्ली झाडून काढल्यासारखी स्वच्छ, शांत. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. पांढरी धोतरं नेसलेले लोक पूजेची ताटं घेऊन चाललेले. आणि ओट्यावर अक्का! मला वाटलं होतं, अंथरुणाला खिळलेली दिसेल. ती उभी होती, हसत होती, आणि एका दमात म्हणाली, "अनवानी कायले आलीस गं, चपला कोनाले देऊन आलीस?" इतकं लांब वाक्य दमेकऱ्याला न थांबता म्हणता येत नाही. इतक्या वर्षांत तिचं 'मला' जाऊन 'मले' झालं आहे, पण थट्टा सोलापूरचीच.

आमच्या दिगंबर घरांत भाद्रपदातलं दहा दिवसांचं पर्व मोठं. अक्काने एकाशन धरलं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. दिवस मावळल्यावर तर कुणीच जेवत नाही, ते बाराही महिने. सोलापूरला आमच्या घरी हा नियम आता म्हाताऱ्यांपुरता उरला आहे. या पेठेत मात्र सूर्य कलला की घराघरांतून ताटांचा आवाज येतो आणि मावळला की चुली विझतात. पोरंबाळं, दुकानदार, सगळे एकाच वेळी जेवतात. मला ते फार आवडलं. जेवणही आवडलं. चातुर्मासात पालेभाजी नाही, कांदा-लसूण तर कधीच नाही, तरी अक्काच्या जावेने केलेल्या बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा असा झणझणीत होता की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. भाकरी आमच्यापेक्षा जाड आणि मऊ. आमची कडक भाकरी महिनाभर टिकते, असं मी फुशारकीने सांगितलं, तर जाऊ म्हणाली, "महिनाभर ठेवता कायले? जेवाले बसत नाई का तुमी?"

अक्काची छाती मोकळी झाली ती व्रतामुळे, असं पेठेत जो तो सांगत होता. मी पहिल्या दिवशी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी विचारलं, ट्रक कुठे आहेत? तेव्हा दाजींनी कौतुकाने सांगितलं की पर्वाच्या दहा दिवसांत पेठेत माल भरायचा नाही, ही जुनी चाल आहे. पोती ओढताना, आपटताना धान्यातले पोरकिडे चिरडतात. ती हिंसा पर्वात नको. म्हणून दहा दिवस ट्रक गल्लीत येत नाहीत, नाक्याबाहेर उभे राहतात आणि फारच अडलं तर बैलगाडीने माल तिथे जातो.

मी दाजींना म्हटलं, मग अक्काला बरं वाटतंय ते ट्रक नाहीत म्हणून. दाजी भला माणूस आहे, तोलून बोलणारा. ते म्हणाले की तसंही असेल, पण व्रताचं फळ नाही असं कसं म्हणावं? आणि अक्का तर माझ्यावर रागावलीच. व्रताला नाव ठेवू नको म्हणाली. अनंत चतुर्दशीला व्रत पुरं झालं म्हणून तिची मिरवणूक निघाली. गळ्यात हार, पुढे बँड, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, कमलबाईंचा दमा व्रताने गेला. मी मागे चालत होते आणि मनातल्या मनात दात खात होते. या पेठेत किड्यांसाठी दहा दिवस गल्ली मोकळी ठेवतात. माणसासाठी एकही दिवस नाही. आणि ही गोष्ट कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नव्हती.

पौर्णिमा

पर्व संपलं. दुसऱ्या सकाळी पहिला ट्रक गल्लीत शिरला तेव्हा मी दात घासत होते. तो अक्काच्या ओट्याला लागून उभा राहिला. दाजींच्याच दुकानात तूर भरायची होती. हमाल पाठीवर पोती घेऊन फळीवरून चढू लागले, ड्रायव्हर उतरून बिडी ओढत बसला आणि इंजिन चालूच. मागून काळा धूर निघत होता, त्याला रॉकेलचा वास होता. त्याच्यामागे शेजारच्या दुकानाचा ट्रक, त्यामागे आणखी एक. गल्ली ती केवढी, वर दोन्हीकडची छपरं जवळजवळ टेकलेली. धुराला जायला वाट एकच, लोकांच्या घरात.

मी तोंडाला फेस तसाच ठेवून ड्रायव्हरला गाठलं. गणपत त्याचं नाव, कामरगावचा. तो उद्धट नव्हता. म्हणाला, "सेल्फ मेला हाय, बाई. येक डाव बंद केलं तं धक्का माराले दहा मान्सं लागतेत. कोन मारन? शेटजी मारतीन?" मी म्हटलं, मग तो सेल्फ स्टार्टर दुरुस्त कर. तो म्हणाला, मालकाले सांगा. ट्रकमालक अकोल्याला. नगरपालिकेची पाटी नाक्यावर. पाटीमागचा ठराव कुणी केला? चौकशी केली तर कळलं की पेठेतल्याच व्यापाऱ्यांनी. मागच्या वर्षी उन्हाळ्यात नगरपालिकेत सभा भरली होती, सगळ्यांनी हात वर केले होते, दाजींनी तर अनुमोदन दिलं होतं. मी दाजींना विचारलं की मग पाळत का नाही? ते म्हणाले, "ठराव झाला ना. अजून काय करा लागते?" ते खरोखर मला विचारत होते. मला हसावं की रडावं कळेना.

घरात आले तर अक्का खिडकीच्या गजांना धरून बसली होती. खांदे वर-खाली होत होते, छातीतून शीळ वाजत होती. दुपारपर्यंत तिचे ओठ निळसर दिसू लागले. मी खिडकीच्या फटींत ओली लुगडी कोंबली. आणि ती माझी बहीण, श्वास मिळाला की एकच विचारत होती: "विमल, व्रतात माह्यं काई चुकलं का गं?"

हे ऐकल्यावर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. ज्यांनी धूर आणून दारात सोडला त्यांना कुणाला आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं. आणि जिचा श्वास कोंडला ती स्वतःची चूक शोधत होती. त्या दिवशी मी तिच्याजवळ बसून सगळं सरळ सांगितलं. दहा दिवस ट्रक नव्हते, आज आहेत. यात पाप-पुण्य कुठे आलं? ती नुसती ट्रकच्या आवाजाकडे कान देऊन राहिली. संध्याकाळी ट्रक गेल्यावर तिचा श्वास हळूहळू खाली आला, तेही तिने नीट लक्ष देऊन पाहिलं.

क्षमावणी

दुसऱ्या दिवशी क्षमावणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पर्व संपल्यावर सगळे मंदिरात जमतात आणि एकमेकांपुढे हात जोडून वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतात. लहान मोठ्याला मागतो, मोठा लहानाला. लहानपणी मला हा दिवस सगळ्यांत आवडायचा.

मंदिरात दाजींनी अक्कापुढे हात जोडले. शेजारच्या शेटजींनी जोडले. ज्यांचे ट्रक काल दारात उभे होते ते सगळे एकेक करून आले, काही चुकलं असेल तर क्षमा करा, कमलबाई, आणि अक्का सगळ्यांना हात जोडत होती. मग मला राहवलं नाही. मी उभी राहिले. म्हटलं, आपल्यात नियम घेण्याची चाल आहे. कुणी चार महिने मीठ सोडतं, कुणी चपला सोडतं. आज इथे देवापुढे व्यापाऱ्यांनी एवढाच नियम घ्यावा की पेठेत इंजिन चालू ठेवणाऱ्या ट्रकमध्ये माल भरणार नाही. दिवाळीपर्यंत घ्या, वाटल्यास.

ठरावाच्या सभेत वर गेलेले सगळे हात इथे मांड्यांवर होते. मला आधी कळेना, मग कळलं. नगरपालिकेचा ठराव मोडता येतो. देवापुढे घेतलेला नियम ही माणसं मोडत नाहीत, मरण आलं तरी. म्हणून तर घेत नव्हती. त्यांचा प्रामाणिकपणा असा उलटा माझ्या तोंडावर आला. दाजी खाली मान घालून बसले होते.

तेव्हा बायकांच्या बाजूने अक्का उठली. पदर सारखा केला, हात जोडले आणि थांबत थांबत म्हणाली, "मी नियम घेते. माह्या घरासमोर गल्लीत इंजिन चालू हाय तोवर अन्न नाई, पानी नाई. बंद झालं का जेवीन. दिवस बुडाला तं त्या दिवसाचं रायलं."

कुणीतरी म्हणालं की बाईंनी विचार करावा. अक्का खाली बसली होती. विचार झालेला होता.

त्यानंतरचा दिवस

सकाळी ट्रक आले. अक्का ओट्यावर येऊन बसली, ताट झाकून शेजारी ठेवलेलं. खोकत होती, पण आत यायला तयार नव्हती. दाजी गणपतला म्हणाले की इंजिन बंद कर. गणपतने तेच विचारलं, धक्का कोण मारणार? हमाल म्हणाले, आमचं काम पोती चढवायचं, भरलेला ट्रक ढकलायचं नाही. गल्लीला चढ आहे, तेही खरं. मग दाजींचा ट्रक भरून निघून गेला, तरी मागचा चालूच होता. तो गेला तर तिसरा आला. अक्का प्रत्येक वेळी कान देऊन ऐके आणि ताटाला हात लावत नसे.

दुपारी पेठेतली चार वजनदार माणसं आली. त्यांनी तोडगा आणला होता. नियम प्रकृतीमुळे पाळता येत नसेल तर प्रायश्चित्त घेऊन सोडता येतो. अगदी सोपं प्रायश्चित्त, त्यांनी मंदिरात विचारूनसुद्धा आणलं होतं. माझ्या तोंडून वाईट शब्द निघाला असता, पण अक्का आधी बोलली. "धूर तुमी सोडाचा," ती म्हणाली, "अन् प्रायश्चित्त मी कायले घेऊ?" ते चौघे जसे आले तसे गेले.

आणि मग जे झालं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्या चौघांच्या तर मुळीच नव्हतं. ऊन कललं. पेठेतली जेवायची वेळ झाली. दुकानदार हात-पाय धुऊन घरोघर पाटावर बसले. पण ताटांचा आवाज येईना. अक्काच्या जावेने आधी सांगितलं, वहिनी जेवल्याशिवाय मी वाढणार नाही. समोरच्या घरच्या म्हातारीनेही तेच म्हटलं. दारात एक बाई उपाशी बसलेली आणि आपण घास उचलायचा, हे त्या गल्लीत कुणाच्याच घशाखाली उतरणारं नव्हतं. बायकांनी आपसांत काही ठरवलंही नसेल. घराघरांत स्वयंपाक झाकलेला राहिला, आणि सूर्य खाली चालला. आता जेवले नाहीत तर उद्या सकाळपर्यंत उपास.

मग मी पेठेतले शेटजी धावताना पाहिले. पावसाने निसरड्या झालेल्या चढावर चाकं जागीच फिरत होती, गल्लीत तीन ट्रक अडकलेले, तिन्ही चालू. बंद केला तर बाहेर निघणार नाही, चालू ठेवला तर जेवण नाही. ड्रायव्हर आपली पाळी येईपर्यंत बंद करायला तयार नव्हते, तेव्हा शेवटी एकेकाचं इंजिन बंद करून तो ढकलत नाक्याबाहेर न्यायचं ठरलं, कारण गल्लीत धक्का मारून चालू केलं तर पुन्हा धूर. धोतरं खोचून, उपरणी कमरेला बांधून, जन्मात पोत्याला हात न लावलेल्या माणसांनी भरलेल्या ट्रकला खांदे लावले. हमालही आले, हसत हसत. दाजी सगळ्यांत पुढे होते. पहिला ट्रक गेला. दुसरा चढावर मागे यायला लागला, तेव्हा लोक ओरडत चाकाखाली दगड टाकायला धावले. तिसरा नाक्याकडे वळला तोवर छपरांवरचं ऊन गेलेलं होतं.

गल्ली शांत झाली. दाजी धापा टाकत ओट्याशी आले. धोतराला तेलाचे काळे पट्टे. त्यांनी ताटावरचं झाकण काढलं आणि अक्कापुढे सरकवलं. अक्काने आभाळाकडे पाहिलं आणि ताट पुन्हा झाकलं. दिवस बुडाला होता.

त्या दिवशी सगळी पेठ उपाशी झोपली. मीसुद्धा. खरं सांगते, इतकं उपाशी राहूनही मला इतकं समाधान क्वचितच झालं असेल. माझ्या बहिणीला श्वास मिळत नाही हे त्या लोकांना वर्षभर दिसत होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. एका जेवणाची वेळ हुकली आणि दुसऱ्या सकाळी एकही ट्रक गल्लीत आला नाही. नाक्याबाहेर पर्वातल्यासारखे ट्रक उभे, आणि बैलगाड्या माल घेऊन निघालेल्या. बैलगाडीने माल न्यायला काय हरकत आहे, असं दाजी मला म्हणाले, जणू ही युक्ती त्यांना आत्ताच सुचली होती.

अक्का सकाळी जेवली. सावकाश, चवीने, पातोड्यांचा रस्सा दोनदा मागून.

परत

मी तिला न्यायला गेले होते आणि एकटीच परतले. तिची बांधलेली ट्रंक तिने स्वतःच सोडली आणि साड्या पुन्हा कपाटात लावल्या.

फाट्यावर दाजी पोचवायला आले. माझ्यासाठी नव्या चपला आणल्या होत्या. गाडी उभी होती, इंजिन चालू. ते हात जोडून म्हणाले, "विमलताई, क्षमावनीच्या दिवशी तुमाले म्हनाचं रायलंच. माह्यं काई चुकलं असन तं..."

अशा वेळी समोरच्यानेही हात जोडायचे असतात. लहानपणापासून मी जोडत आले आहे. त्या दिवशी माझे हात पिशवीवरच राहिले. म्हटलं, "दाजी, पुढच्या भाद्रपदात मागा. वर्षभर गल्ली अशीच राहिली तर क्षमा मी स्वतः येऊन देईन."

ते रागावले नाहीत. मान हलवली आणि जोडलेले हात खाली घेतले. मी खिडकीशी जाऊन बसले. गाडी निघाली तशी मागून भस्सकन काळा धूर त्यांच्या अंगावर गेला. मी वळून पाहिलं. दाजी दोन पावलं मागे सरले होते आणि उपरण्याने नाक दाबून उभे होते. इतक्या वर्षांत त्यांना धुरापुढे नाक दाबताना मी पहिल्यांदाच पाहत होते.